अ‍ॅप्लिकेशनने स्वतःलाच पाठवलेली रिक्वेस्ट: फ्लास्कमध्ये नेटवर्कशिवाय अंतर्गत रिक्वेस्ट कशी घडवावी

एका गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल बिलांचे लहान अ‍ॅप्लिकेशन पायथॉन आणि फ्लास्क वापरून लिहिले आहे, असे समजू. त्याचा एक घटक बिलाचे पान दाखवतो, दुसरा घटक त्या बिलाच्या रकमेचा क्यूआर कोड चित्ररूपात तयार करतो आणि तिसरा घटक बिलाच्या त्याच पानावरून वीझीप्रिंट या लायब्ररीच्या साहाय्याने पीडीएफ बनवतो. बिलाच्या एचटीएमएलमध्ये शैलीची फाइल, संस्थेचे बोधचिन्ह आणि क्यूआर कोड असे तीन पत्ते आहेत आणि तिन्ही पत्ते याच अ‍ॅप्लिकेशनचे आहेत. पीडीएफ करणाऱ्या घटकाला या तीन वस्तू हव्या असतात, म्हणून तो त्या पत्त्यांवर रिक्वेस्ट पाठवतो. म्हणजेच एका रिक्वेस्टचे उत्तर तयार होत असताना अ‍ॅप्लिकेशन स्वतःलाच आणखी तीन रिक्वेस्ट पाठवते. या आतल्या रिक्वेस्ट नेटवर्कवर न जाता, त्याच प्रक्रियेच्या आत, पण खऱ्या रिक्वेस्टइतक्याच काटेकोरपणे कशा घडवायच्या, हे या लेखात एकेका पायरीने पाहू. पायथॉन आणि फ्लास्कची प्राथमिक ओळख वाचकाला आहे असे मी गृहीत धरले आहे.

लिपीविषयी एक सूचना आधीच देतो. पुढे आलेली फंक्शन आणि किल्ल्या यांची नावे मी देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये ती रोमन लिपीत लिहायची असतात. डिक्शनरीतील ‘रिक्वेस्ट_मेथड’, ‘पाथ_इन्फो’ यांसारख्या किल्ल्या पूर्णपणे मोठ्या अक्षरांत लिहायच्या, तर ‘डब्ल्यूएसजीआय’ने सुरू होऊन मध्ये टिंब असलेल्या किल्ल्या लहान अक्षरांत लिहायच्या.

आधी अडचण डोळ्यांनी पाहा

हा प्रश्न नवशिक्यांना बहुधा उशिरा कळतो, कारण स्वतःच्या संगणकावर तो दिसत नाही. फ्लास्कचा विकासासाठीचा सर्व्हर २०१८ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून प्रत्येक रिक्वेस्टसाठी वेगळा थ्रेड वापरतो. त्यामुळे एक थ्रेड पीडीएफ तयार करत थांबला असला, तरी दुसरा थ्रेड क्यूआर कोड देऊ शकतो आणि सगळे सुरळीत चालते. तेच अ‍ॅप्लिकेशन गनिकॉर्नवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरासाठीच्या सर्व्हरवर, कोणतीही वेगळी मांडणी न करता चढवले, तर मात्र एकच वर्कर (रिक्वेस्ट हाताळणारी प्रक्रिया) सुरू होतो आणि तो एका वेळी एकच रिक्वेस्ट हाताळतो. हा वर्कर पीडीएफच्या कामात गुंतलेला असतो, त्याला क्यूआर कोडचे उत्तर हवे असते आणि ते उत्तर देऊ शकणारा एकमेव वर्करही तोच असतो. क्यूआर कोडची रिक्वेस्ट रांगेत उभी राहते आणि तिच्याकडे पाहायला कोणीही मोकळे नसते.

पुढे काय होते तेही नीट समजून घ्यावे, कारण लक्षणे फसवी असतात. वीझीप्रिंट प्रत्येक पत्त्यासाठी पूर्वनिर्धारित १० सेकंद थांबते, मग तो पत्ता सोडून देते, नोंदवहीत इशारा लिहिते आणि पुढचे काम चालू ठेवते. पानावर असा एकच पत्ता असेल, तर सदस्याला दहा सेकंदांनी क्यूआर कोड नसलेले बिल मिळते आणि चूक चित्राच्या घटकात आहे असे वाटते. तीन पत्ते असतील, तर प्रतीक्षा ३० सेकंदांवर जाते. गनिकॉर्नची पूर्वनिर्धारित मुदतही ३० सेकंदांचीच असल्यामुळे मुख्य प्रक्रिया तो वर्कर अडकला आहे असे समजून त्याला बंद करते. तीच चूक एका बिलावर ‘चित्र नाही’ अशी आणि दुसऱ्या बिलावर ‘सर्व्हर पडला’ अशी दिसते.

वर्करची संख्या दोन केली की अडचण सुटली असे वाटते, परंतु ती फक्त लपते. दोन सदस्यांनी एकाच वेळी पीडीएफचे बटण दाबले की दोन्ही वर्कर एकमेकांची वाट पाहत थांबतात. चार वर्करसाठी चार सदस्य पुरतात, आणि बिले निघण्याच्या दिवशी इतके सदस्य एकाच वेळी येणे मुळीच अवघड नसते. म्हणून वर्कर वाढवणे हा या प्रश्नावरचा उपाय मी मानत नाही. याशिवाय नेटवर्कवरून गेलेल्या रिक्वेस्टसोबत सदस्याची कुकी जात नाही, त्यामुळे क्यूआर कोडचा घटक तिला अनोळखी समजून लॉगिनच्या पानाकडे पाठवतो. एकूण दोन दोष एकावर एक बसलेले असतात, आणि पहिला दूर केल्यावरच दुसरा दिसतो.

अंतर्गत रिक्वेस्ट खरोखर हवी आहे का

एक घटक दुसऱ्या घटकाचे फंक्शन थेट बोलावू शकत असेल, तर तसेच करावे. क्यूआर कोडचे बाइट तयार करणारे स्वतंत्र फंक्शन असेल आणि ते पीडीएफच्या घटकाला सहज आयात करता येत असेल, तर मध्ये रिक्वेस्ट आणण्याचे कारण नाही. फंक्शन वाचायला सोपे असते, त्याची चूक सरळ दिसते आणि त्याला कुकी, हेडर, स्थिती-क्रमांक यांची गरज नसते.

तरीही काही प्रसंगी अंतर्गत रिक्वेस्टच योग्य ठरते. आपल्या उदाहरणात वीझीप्रिंटच्या हाती फक्त पत्ता येतो. तो पत्ता कोणत्या घटकाचा, त्यामागे कोणते फंक्शन, हे ठरवण्याचे काम फ्लास्कचा मार्गनिर्देशक आधीच उत्तम करतो आणि ते पुन्हा लिहिणे म्हणजे चुकांना आमंत्रण देणे होय. दुसरा प्रसंग परवानगीचा आहे. ‘हा सदस्य हे बिल पाहू शकतो का’ ही तपासणी व्ह्यूच्या आधी होत असेल, तर थेट फंक्शन बोलावल्याने ती वगळली जाते. तिसरा प्रसंग असा की वर्कझ्यूग या फ्लास्कच्या पायाभूत लायब्ररीतील डिस्पॅचर मिडलवेअरने (सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्या मध्ये बसणाऱ्या थराने) दोन स्वतंत्र अ‍ॅप्लिकेशन एकाच प्रक्रियेत शेजारी बसवलेली असतात आणि एकाला दुसऱ्याची आतली रचना ठाऊक असू नये, असे आपणच ठरवलेले असते. यांपैकी काहीही लागू नसेल, तर पुढच्या पायऱ्यांची आवश्यकता नाही.

सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यातील करार

पायथॉनच्या जगात सर्व्हर आणि अ‍ॅप्लिकेशन यांच्यातील व्यवहार डब्ल्यूएसजीआय या कराराने ठरतो. त्याचा पहिला मसुदा २००३ मध्ये पेप (पायथॉनमधील सुधारणांचा प्रस्ताव) ३३३ म्हणून आला आणि पायथॉन ३ साठीची सुधारित आवृत्ती २०१० मध्ये पेप ३३३३ म्हणून आली. करार अगदी छोटा आहे. अ‍ॅप्लिकेशन म्हणजे बोलावता येणारी एक वस्तू. तिला दोन गोष्टी द्यायच्या: रिक्वेस्टचे सगळे वर्णन असलेली एक डिक्शनरी, आणि उत्तराची स्थिती व हेडर सांगण्यासाठी एक फंक्शन. ती परत देते बाइटच्या तुकड्यांची एक मालिका, म्हणजे उत्तराचा मजकूर.

या करारात सॉकेटचा उल्लेख कुठेही नाही, आणि आपल्या कामाच्या दृष्टीने हीच त्याची मोठी सोय आहे. डिक्शनरी नेटवर्कवरून आलेल्या अक्षरांतून तयार झाली की आपण हाताने भरली, हे अ‍ॅप्लिकेशनला कळत नाही आणि कळण्याची गरजही नाही. आतली रिक्वेस्ट म्हणजे अशी एक डिक्शनरी स्वतः बांधणे आणि अ‍ॅप्लिकेशनला साध्या फंक्शनसारखे बोलावणे. सगळा कस लागतो तो त्या डिक्शनरीत काय घालायचे आणि काय घालायचे नाही, हे ठरवण्यात.

डिक्शनरी नव्याने बांधा, बाहेरची उचलू नका

पहिला मोह होतो तो चालू रिक्वेस्टची डिक्शनरी जशीच्या तशी उचलून तिच्यातील फक्त मार्ग बदलण्याचा. तो कटाक्षाने टाळावा. त्या डिक्शनरीत बाहेरच्या रिक्वेस्टचा बहुधा वाचून संपलेला मजकूर-प्रवाह असतो, वर्कझ्यूगने स्वतःसाठी ठेवलेली रिक्वेस्टची वस्तू असते, गनिकॉर्नने ठेवलेला खुद्द सॉकेट असतो आणि ब्राउझरने केवळ त्या एका पानासाठी पाठवलेली हेडर असतात. हे सगळे आतल्या रिक्वेस्टच्या गळ्यात पडते आणि त्यातून निघणाऱ्या चुका शोधायला दिवस लागतात.

म्हणून रिकाम्या डिक्शनरीपासून सुरुवात करावी. ‘रिक्वेस्ट_मेथड’मध्ये ‘गेट’ लिहावे. ‘स्क्रिप्ट_नेम’मध्ये अ‍ॅप्लिकेशन ज्या उपमार्गावर बसवले आहे तो उपमार्ग लिहावा, आणि ते मुळाशीच असेल, तर रिकामी अक्षरमाला ठेवावी. ‘पाथ_इन्फो’मध्ये त्यापुढचा मार्ग येतो. अ‍ॅप्लिकेशन ‘/संस्था’ या उपमार्गावर असेल आणि पत्ता ‘/संस्था/क्यूआर/४१२’ असेल, तर पहिल्या किल्लीत ‘/संस्था’ आणि दुसरीत ‘/क्यूआर/४१२’ असे दोन तुकडे करावे लागतात. संपूर्ण पत्ता ‘पाथ_इन्फो’त कोंबला, तर ४०४ मिळते. ‘क्वेरी_स्ट्रिंग’मध्ये प्रश्नचिन्हानंतरचा भाग, प्रश्नचिन्ह वगळून, येतो.

‘सर्व्हर_नेम’, ‘सर्व्हर_पोर्ट’, ‘सर्व्हर_प्रोटोकॉल’ आणि ‘एचटीटीपी_होस्ट’ ही मूल्ये बाहेरच्या रिक्वेस्टवरूनच घ्यावीत, कारण पूर्ण पत्ते तयार करताना आणि यजमानाचे नाव तपासताना ती वापरली जातात. त्याचप्रमाणे ‘डब्ल्यूएसजीआय.यूआरएल_स्कीम’ही बाहेरच्या रिक्वेस्टमध्ये जी असेल तीच ठेवावी. येथे नुसते ‘एचटीटीपी’ लिहिले आणि अ‍ॅप्लिकेशन प्रत्येकाला सुरक्षित पत्त्याकडे वळवणारे असेल, तर चित्राऐवजी वळणाचा आदेश मिळतो. पुढे एन्जिनएक्स हा प्रॉक्सी सर्व्हर आणि मध्ये त्याने कळवलेली मूळ माहिती लागू करणारे प्रॉक्सीफिक्स हे मिडलवेअर अशी मांडणी असेल, तर स्कीम प्रॉक्सीफिक्सने दुरुस्त केल्यानंतरची, म्हणजे फ्लास्कला दिसणारी घ्यावी, आणि ‘एक्स-फॉरवर्डेड’ने सुरू होणारी हेडर पुढे नेऊ नयेत.

‘डब्ल्यूएसजीआय.इनपुट’मध्ये रिकामा बाइटआयओ ठेवावा आणि ‘डब्ल्यूएसजीआय.एरर्स’मध्ये प्रमाण त्रुटी-प्रवाह. उरलेल्या किल्ल्या म्हणजे ‘डब्ल्यूएसजीआय.व्हर्जन’, ज्यात १ आणि ० ही जोडी असते, आणि ‘मल्टिथ्रेड’, ‘मल्टिप्रोसेस’ व ‘रन_वन्स’ ही तीन होय-नाही मूल्ये. त्यांतली एखादी विसरण्याची धास्ती वाटत असेल, तर पायथॉनच्या प्रमाण लायब्ररीतील डब्ल्यूएसजीआयरेफमध्ये ‘सेटअप_टेस्टिंग_डिफॉल्ट्स’ नावाचे फंक्शन आहे. आपण भरलेल्या किल्ल्यांना हात न लावता ते फक्त राहिलेल्या किल्ल्या भरते.

पत्त्यात देवनागरी असेल तेव्हा

मराठीतून पत्ते ठेवणाऱ्या अ‍ॅप्लिकेशनमध्ये हमखास चुकणारी जागा हीच आहे, म्हणून तिच्यावर थोडा अधिक वेळ देतो. इमारतीच्या नावावर आधारित ‘/इमारत/पारिजात’ असा पत्ता घेऊ. ‘पारिजात’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा आहे, पण काना आणि वेलांटी वेगळी मोजल्यामुळे युनिकोडमध्ये तो ७ संकेतबिंदूंचा होतो आणि पायथॉनचे ‘लेन’ फंक्शनही ७ हेच उत्तर देते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक संकेतबिंदूला ३ बाइट लागतात, म्हणून तो २१ बाइट व्यापतो. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि दोन षोडशमान अंक अशा तीन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणून तेथे त्याची लांबी ६३ होते. एकाच शब्दाची ही तीन रूपे आहेत, आणि डिक्शनरीच्या प्रत्येक जागेला त्यांपैकी एक ठरावीक रूप लागते.

‘पाथ_इन्फो’ला टक्क्यांचे रूप चालत नाही, कारण करारानुसार तेथे उकललेला मार्ग अपेक्षित असतो. टक्क्यांचे रूप ठेवले, तर ते अक्षरशः नाव समजले जाते आणि ४०४ मिळते. तेथे सरळ देवनागरी अक्षरमालाही चालत नाही. पेप ३३३३ प्रमाणे त्या अक्षरमालेतील प्रत्येक चिन्ह एका बाइटचे प्रतिनिधी असले पाहिजे, म्हणजे ते लॅटिन-१ च्या मर्यादेत बसले पाहिजे. देवनागरी तशीच ठेवली, तर वर्कझ्यूग तिचे बाइट करायला जाते आणि युनिकोड-एन्कोडची त्रुटी येते. योग्य कृती अशी: आधी पत्त्यातील मार्ग ‘अनकोट_टू_बाइट्स’ या फंक्शनने बाइटमध्ये उकलावा आणि मग ते बाइट लॅटिन-१ म्हणून वाचून अक्षरमाला करावी. छापून पाहिल्यास ती वाचता न येणारी २१ चिन्हे दिसतात. ती तशीच बरोबर आहेत. अ‍ॅप्लिकेशनच्या आत वर्कझ्यूग हीच क्रिया उलट करते आणि व्ह्यूला ‘पारिजात’ हाच शब्द मिळतो.

‘क्वेरी_स्ट्रिंग’चा नियम याच्या उलट आहे. तेथे टक्क्यांचे रूप न उकलता ठेवायचे असते. आणि आतली रिक्वेस्ट ‘पोस्ट’ प्रकारची असेल, तर ‘कंटेंट_लेंग्थ’मध्ये बाइटची संख्या लिहायची, म्हणजे आपल्या शब्दासाठी २१, ७ नव्हे. सात लिहिले, तर अ‍ॅप्लिकेशन पहिले सात बाइट वाचून थांबते. ते दोन पूर्ण संकेतबिंदू आणि तिसऱ्याचा तुकडा असतात, म्हणून शब्द ‘पा’नंतर तुटतो. ‘कंटेंट_टाइप’ आणि ‘कंटेंट_लेंग्थ’ या दोनच हेडर-किल्ल्यांना ‘एचटीटीपी_’ हा उपसर्ग लागत नाही, हेही येथेच लक्षात ठेवावे.

उत्तर नीट स्वीकारा

करारानुसार द्यायची दुसरी गोष्ट म्हणजे ‘स्टार्ट_रिस्पॉन्स’ हे फंक्शन. ते स्थितीची अक्षरमाला, हेडरची यादी आणि ऐच्छिक त्रुटी-माहिती स्वीकारते. आपल्या फंक्शनने ही मूल्ये जपून ठेवावीत आणि करारानुसार एक ‘राइट’ फंक्शन परत द्यावे. आज ते क्वचितच वापरले जाते, पण करारात आहे म्हणून द्यावे.

येथे दोन बारकावे आहेत. अ‍ॅप्लिकेशन जनरेटर असेल, तर पहिला तुकडा मागितल्याशिवाय ‘स्टार्ट_रिस्पॉन्स’ बोलावलेच जात नाही, म्हणून स्थिती वाचण्यापूर्वी निदान एक तुकडा ओढून घ्यावा. दुसरे, मिळालेल्या मालिकेला ‘क्लोज’ पद्धत असेल, तर मजकूर वाचून झाल्यावर, आणि वाचताना चूक झाली तरीही, ती बोलावलीच पाहिजे. ती विसरल्यास उघडलेल्या फाइल बंद होत नाहीत आणि उत्तर संपल्यावर व्हायची कामे होत नाहीत. यासाठी ‘ट्राय’ आणि ‘फायनली’ यांची जोडी वापरावी. घटना सतत ढकलणारा, न संपणारा प्रवाह देणाऱ्या पत्त्यावर अंतर्गत रिक्वेस्ट पाठवू नये, कारण मालिका संपण्याची वाट पाहत आपण कायमचे थांबतो.

स्थिती तपासल्याशिवाय मजकूर वापरू नये. २०० खेरीज काहीही आले, तर ती चूक समजून नोंदवावी. विशेषतः ३०२ आले, तर ते बहुधा लॉगिनकडे वळवणे असते. अशा वळणाच्या मागे आपोआप गेलो, तर लॉगिनच्या पानाचे एचटीएमएल २०० या स्थितीसह मिळते आणि ते चित्र म्हणून पीडीएफमध्ये घालण्याचा प्रयत्न होतो.

कोणती हेडर न्यावीत

माझा नियम असा आहे की यादी नेण्याच्या हेडरची करावी, वगळण्याच्या हेडरची करू नये. वगळण्याची यादी कधीच पूर्ण होत नाही. का, ते पाहा. ‘अ‍ॅक्सेप्ट-एन्कोडिंग’ सोबत गेले आणि आत मजकूर दाबून लहान करणारे मिडलवेअर असेल, तर मजकूर जीझिप होऊन येतो आणि वीझीप्रिंटला चित्र ओळखता येत नाही. ‘इफ-नन-मॅच’ किंवा ‘इफ-मॉडिफाइड-सिन्स’ गेले, तर योग जुळल्यावर ३०४ आणि रिकामा मजकूर मिळतो. ही चूक पहिल्या भेटीत दिसत नाही, पान पुन्हा उघडल्यावर दिसते, म्हणून ती फार छळते. ‘रेंज’ गेले, तर फाइलचा तुकडा मिळतो. ब्राउझरची भाषा आणि कुकी ही दोनच हेडर आपल्या उदाहरणात खरोखर न्यावीत अशी आहेत.

कुकी नेल्यामुळे आतली रिक्वेस्ट त्याच सदस्याच्या नावाने जाते आणि परवानगीची तपासणी खरी होते. मात्र आतल्या उत्तरात आलेली ‘सेट-कुकी’ ब्राउझरपर्यंत पोहोचत नाही, हे ध्यानात असू द्यावे. सत्राची माहिती सर्व्हरवर साठवलेली असेल, तर आणखी एक गोष्ट घडते: आतल्या पानाने एकदाच दाखवायचे संदेश उचलले, तर ते कायमचे नाहीसे होतात आणि सदस्याला कधीच दिसत नाहीत.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळी बिले एकत्र काढणारे पार्श्वभूमीतील काम असेल, तर तेथे बाहेरची रिक्वेस्टच नसते, म्हणून कुकीही नसते. अशा वेळी ‘मी आतलाच आहे’ असे सांगणारे एखादे हेडर जोडावेसे वाटते. ते कधीही करू नये, कारण तेच हेडर बाहेरचा कोणीही मनुष्य पाठवू शकतो. त्याऐवजी डिक्शनरीत ‘संस्था.कर्ता’ अशा धर्तीची, ‘एचटीटीपी_’ हा उपसर्ग नसलेली स्वतःची किल्ली ठेवावी. बाहेरून आलेल्या प्रत्येक हेडरला सर्व्हर तो उपसर्ग लावतो, त्यामुळे वर सांगितलेले दोन अपवाद सोडले, तर उपसर्ग नसलेली किल्ली बाहेरच्याला हेडरमधून घडवता येत नाही. रिक्वेस्टच्या आधी चालणाऱ्या फंक्शनने ती किल्ली वाचून कर्ता ठरवावा, आणि त्या कर्त्याला फक्त बिले वाचण्याचाच अधिकार द्यावा.

संदर्भ आणि डेटाबेस

डिक्शनरी स्वच्छ असली, तरी दोन्ही रिक्वेस्ट एकाच थ्रेडवर, एकीच्या पोटात दुसरी अशा चालत असतात, आणि फ्लास्क काही गोष्टी चालू संदर्भावर टांगून ठेवते. त्यांत सर्वांत धोक्याची ‘जी’ ही वस्तू आहे. फ्लास्कच्या २ मालिकेतील आवृत्त्यांत त्याच अ‍ॅप्लिकेशनची आतली रिक्वेस्ट सुरू झाली की अ‍ॅप्लिकेशनचा आधीचा संदर्भच पुन्हा वापरला जातो, त्यामुळे ‘जी’ दोघींत सामाईक राहते. आतली रिक्वेस्ट कुकीशिवाय गेली आणि तिने ‘जी’मधील सदस्य रिकामा केला, तर परत आल्यावर बाहेरच्या व्ह्यूलाही सदस्य नाही असे दिसते. उपाय सोपा आहे: अंतर्गत रिक्वेस्ट ‘अ‍ॅप_कॉन्टेक्स्ट’च्या नव्या ‘विथ’ खंडात पाठवावी. आतली रिक्वेस्ट मग तो नवा संदर्भ वापरते आणि बाहेरची ‘जी’ अबाधित राहते. आपल्या आवृत्तीत नेमके काय होते, ते एका लहान चाचणीने पडताळून पाहावे: बाहेर ‘जी’मध्ये एक मूल्य ठेवावे, आत बदलावे आणि परत येऊन वाचावे.

डेटाबेसच्या सत्रातही हाच प्रश्न येतो. एसक्यूएलअल्केमी या डेटाबेस-लायब्ररीचे सत्र थ्रेडशी बांधलेले असेल आणि रिक्वेस्टच्या शेवटी ते काढून टाकले जात असेल, तर आतली रिक्वेस्ट संपताना बाहेरचेच सत्र निघून जाते. त्यानंतर बाहेरच्या व्ह्यूने बिलाच्या वस्तूवरून सदस्याचे नाव आणू पाहिले की ती वस्तू सत्रापासून सुटली आहे अशी त्रुटी येते, आणि त्रुटीच्या ओळीवर अंतर्गत रिक्वेस्टचा मागमूसही नसतो. फ्लास्क-एसक्यूएलअल्केमीच्या ३.० आवृत्तीपासून सत्र अ‍ॅप्लिकेशनच्या संदर्भाशी बांधले जाते, म्हणून वर सांगितलेला नवा संदर्भ येथेही कामी येतो.

सत्रे वेगळी झाली की त्यांचे व्यवहारही वेगळे होतात. बाहेरच्या व्ह्यूने बिल नोंदवले, पण कमिट केले नाही, तर क्यूआर कोडच्या घटकाला ते बिल दिसत नाही आणि तो ४०४ देतो. म्हणून आधी कमिट, मग अंतर्गत रिक्वेस्ट, हा क्रम पाळावा. एसक्यूलाइट वापरत असल्यास बाहेर लेखनाचा व्यवहार उघडा असताना आत दुसरे लेखन करू गेल्यास पायथॉनची जोडणी पूर्वनिर्धारित ५ सेकंद थांबते आणि डेटाबेसला कुलूप असल्याची त्रुटी देते. आतल्या रिक्वेस्ट केवळ वाचनाच्या ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन.

कुंपण

पीडीएफच्या पानावर चुकून पीडीएफचाच पत्ता चित्र म्हणून आला, तर अ‍ॅप्लिकेशन स्वतःच्या आत स्वतःला बोलावत राहते आणि शेवटी पायथॉनची १००० ही पूर्वनिर्धारित पुनरावर्तन-मर्यादा गाठून कोसळते. तोपर्यंत किती जोडण्या उघडल्या गेल्या असतील, याचा नेम नसतो. म्हणून डिक्शनरीत खोलीचा आकडा ठेवणारी, पुन्हा उपसर्ग नसलेली, एक किल्ली असावी. प्रत्येक आतली रिक्वेस्ट ती एकाने वाढवते आणि दोनच्या पुढे गेल्यास नकार देते.

दुसरे कुंपण पत्त्याभोवती हवे. बिलाच्या टिपणीत कोणी एचटीएमएल घुसवू शकत असेल, तर तो स्वतःच्या आवडीचा पत्ता पीडीएफच्या घटकाकडून वाचून घेऊ शकतो. वीझीप्रिंटचे मूळचे पत्ता-आणणारे फंक्शन सर्व्हरवरच्या फाइलचे पत्तेही वाचते, हे लक्षात घेतले म्हणजे धोक्याचा आवाका कळतो. म्हणून आपल्या यजमानाचे आणि ठरवलेल्या दोन-तीन मार्गांचे पत्तेच स्वीकारावेत आणि बाकी सर्व नाकारावेत.

तिसरी गोष्ट नोंदीची. आतली रिक्वेस्ट गनिकॉर्नच्या दारातून येत नाही, त्यामुळे तिची ओळ त्याच्या नोंदवहीत उमटत नाही. मार्ग, स्थिती, लागलेला वेळ आणि बाहेरच्या रिक्वेस्टचा क्रमांक अशी ओळ आपण स्वतः लिहावी.

तयार साधने आणि जोडणी

हे सगळे हाताने एकदा तरी करून पाहावे आणि मग रोजच्या कामासाठी वर्कझ्यूगची साधने वापरावीत. तिचा ‘एन्व्हायरनबिल्डर’ मार्ग, हेडर आणि मजकूर घेऊन योग्य डिक्शनरी तयार करतो आणि देवनागरीचे रूपांतरही स्वतः करतो. ‘रन_डब्ल्यूएसजीआय_अ‍ॅप’ हे फंक्शन अ‍ॅप्लिकेशन चालवून मजकूर, स्थिती आणि हेडर परत देते. त्याला ‘बफर्ड’ खरे असे सांगितले की ते सगळा मजकूर वाचून मालिका बंदही करते. फ्लास्कचा ‘टेस्ट_क्लायंट’ही चालतो, पण तो चाचणीसाठी घडवलेला आहे आणि स्वतःचा कुकीसाठा बाळगतो, म्हणून एकच क्लायंट अनेक सदस्यांच्या रिक्वेस्टसाठी कधीही वापरू नये. तसे केल्यास एकाचे सत्र दुसऱ्याच्या बिलात शिरते.

वीझीप्रिंटला आपले पत्ता-आणणारे फंक्शन देता येते. त्या फंक्शनने पत्ता तपासावा, अंतर्गत रिक्वेस्ट घडवावी आणि मजकूर व त्याचा प्रकार परत द्यावा. परत देण्याचे नेमके रूप वीझीप्रिंटच्या आपल्या आवृत्तीप्रमाणे ठेवावे. फ्लास्क-वीझीप्रिंट ही तयार लायब्ररीही याच तत्त्वावर चालते, आणि तुमची गरज साधी असेल, तर तीच वापरावी. बिल मराठीत असल्यास वीझीप्रिंट अक्षरजुळणीसाठी पँगो वापरते आणि त्यामुळे जोडाक्षरे नीट उमटतात. फाँटची फाइलही याच अंतर्गत वाटेने देता येते.

अ‍ॅप्लिकेशन असिंक्रोनस असेल, म्हणजे फास्टएपीआय किंवा स्टारलेटवर असेल, तर करार डब्ल्यूएसजीआय नसून एएसजीआय असतो. तेथे एचटीटीपीएक्स या लायब्ररीचा एएसजीआय-ट्रान्सपोर्ट हेच काम करतो. हेडर, ओळख, खोली आणि व्यवहार यांविषयी वर सांगितलेले सारे तेथेही तसेच लागू पडते.

शेवटची पडताळणी विकासाच्या सर्व्हरवर करू नये. गनिकॉर्न मुद्दाम एकाच वर्करवर सुरू करावे, सदस्य म्हणून लॉगिन करावे आणि ‘पारिजात’ इमारतीतील एखाद्या सदनिकेचे बिल पीडीएफ करावे. क्यूआर कोड उमटला का, ते पाहावे. पान पुन्हा उघडून दुसऱ्यांदाही तो उमटतो का, ते पाहावे. मग दुसऱ्या सदस्याच्या नावाने लॉगिन करून पहिल्याच्या बिलाची पीडीएफ मागावी आणि नकार मिळतो का, ते तपासावे. लगेच बाहेर पडून लॉगिनशिवायही हीच मागणी करावी. या चारही तपासण्या स्वयंचलित चाचण्यांत घालून ठेवाव्यात आणि फ्लास्क, वर्कझ्यूग किंवा वीझीप्रिंट यांपैकी कशाचीही आवृत्ती बदलली की त्या पुन्हा चालवाव्यात.